भरपाईचं वचन

जेठ लागला की जयपूरचं आभाळ दुपारी पिवळं पडतं. पश्चिमेकडून आंधी येते, दोरीवरचे कपडे आडवे होतात, खालच्या दुकानांची शटरं एकामागून एक खाली ओढली जातात. बाकीचे लोक अशा वेळी खिडक्या लावायला धावतात. मी आधी वर बघते. तो पिवळेपणा धुळीचा आहे की पंखांचा, हे मला आधी पाहायचं असतं. मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना हे कुतूहल वाटतं. कुतूहल नाही, राग आहे. तो उन्हाळा जाऊन काही वर्षं झाली, तरी तो शिळा झालेला नाही.

यंदाही बातम्यांत टिड्डी, म्हणजे टोळ, हा शब्द आला. बाडमेरकडे कुठेतरी दिसली म्हणे. आईने हातातली भाजी खाली ठेवली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. थोरली बहीण शालिनीताई इस्पितळात ड्यूटीवर होती. आम्ही तिघी आणि ताईची मुलगी एस्तेर या एका घरात राहतो, आणि त्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं नाही हे आमच्यात न ठरवता ठरलेलं आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. बाबा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला आले आणि राजा पार्कच्या एका गल्लीत घर घेऊन राहिले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रविवारी सकाळी शहरातल्या जुन्या दगडी चर्चची हिंदी उपासना. दुपारी मात्र बाबा आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लावत. ताईचं वाचन स्वच्छ होतं. मी हिंदी शाळेतली, ‘ळ’ला अडखळायची, आणि बाबा तो शब्द पुन्हा म्हणायला लावायचे. टोळ हा शब्द मी तिथे शिकले, योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात, टोळ पाहण्याच्या कितीतरी आधी.

योएलच्या त्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की टोळांनी जी वर्षं खाल्ली ती मी तुम्हाला भरून देईन. बाबांकडे येणाऱ्या मंडळींत या एका वचनावरून फार वाद व्हायचे. एक निवृत्त मास्तर म्हणत, हे इस्राएल लोकांसाठी आहे, शेवटल्या काळी ते आपल्या देशात परत आले की पुरं होईल. दुसरे म्हणत, छे, त्याच्या पुढेच आत्मा ओतण्याचं वचन आहे, ते पन्नासाव्या दिवसाच्या सणाला येशूच्या शिष्यांवर पुरं झालं, आता ते सगळं मंडळीचं, म्हणजे आपलं ख्रिस्ती लोकांचं. बाबा चहा ओतता ओतता ऐकून घ्यायचे. ते म्हणायचे, “त्यांची शेतं गेली होती. धान्य, द्राक्षारस, तेल गेलं होतं. देवाने पाऊस दिला, पीक दिलं. इतकं साधं आहे ते. पण प्रत्येकाला ते वचन आपल्याच दारात उतरलेलं हवं असतं.” मला तेव्हा बाबा कोरडे वाटायचे. आता वाटतं की तो कोरडेपणा घरात टिकला असता तर बरं झालं असतं.

बाबा गेल्यावर आई जुन्या चर्चमधून हळूहळू सुटली. तिथे तिला कोणी विचारत नव्हतं. शहराबाहेर कानोत्याकडच्या एका नव्या प्रार्थना मंडळाच्या बायका मात्र घरी येत, तिचे गुडघे चोळत, तिच्यासाठी रडत. त्यांच्या प्रमुखांना सगळे पास्टरजी म्हणत. बाबा आयुष्यभर ‘पाळकसाहेब’ म्हणत आले. आईच्या तोंडी हा ‘पास्टरजी’ आला तेव्हाच मला तो खुपला.

तिला रडायला कारण होतं, हे मी नाकारत नाही. ताईचा नवरा, सुधीर, एस्तेर चालायला लागली त्या सुमारास इंदूरला नोकरीवर गेला. आधी महिन्यातून एकदा यायचा, मग सणाला, मग फोन. मग फोनही नाही. तिथे त्याने दुसरा संसार मांडल्याचं आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ताई भूलतज्ज्ञ आहे. लोकांना झोपवणं आणि त्यांच्या श्वासावर नजर ठेवणं हे तिचं काम. ती रडली नाही. ती ड्यूट्या वाढवून घ्यायला लागली. तिच्या कपाळावरची रेघ त्या वर्षांतली. बाबा गेले तेव्हा त्याला निरोप दिला होता. तो आला नाही. दफनाच्या वेळी आई वळून वळून फाटकाकडे बघत होती, ते मी पाहिलं.

मग टाळेबंदीचा उन्हाळा आला. राजा पार्कचा बाजार मी जन्मात कधी इतका गप्प पाहिला नव्हता. कुलचे-छोल्यांच्या गाड्या उलट्या करून ठेवलेल्या, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली. ताई इस्पितळातून आली की थेट वरच्या खोलीत जायची, तिचं ताट आम्ही पायरीवर ठेवायचो. एस्तेर तेव्हा शाळकरी होती. ती जिन्यात बसून वर ताईशी मोठ्याने गप्पा मारायची, निम्म्या हिंदीत.

एका सकाळी गच्चीवर वाळवण बघायला गेले तर शेजारच्या गच्चीवरून भाभीजी ओरडल्या, “ऊपर देखो.” आकाशाला गुलाबी मळ लागल्यासारखं दिसत होतं. आधी सावली आली, मग आवाज. कोरडा कागद चुरगाळावा तसा, पण न संपणारा. गच्च्यांवरून थाळ्या वाजायला लागल्या, कुणी प्रेशर कुकरचं झाकण बडवत होतं. टोळ आमच्या कडुनिंबावर उतरले आणि झाडाचा रंग बदलला. गुलाबी टोळ म्हणजे कोवळे, अजून वयात न आलेले, सगळ्यात भुकेले. पिवळे असले की वयात आलेले. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. एक माझ्या बाहीवर बसला. त्याचा जबडा हलताना दिसत होता, सूत चावत होता तो.

आई पदर डोक्यावर घेऊन गच्चीत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. “योएलचं आलं गं निमा,” ती म्हणाली. “आता भरपाई पण येईल.”

त्या रविवारी पास्टरजींची उपासना मोबाईलवर झाली. आईने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. पास्टरजी पांढऱ्या शर्टात, मागे कृत्रिम फुलं. ते म्हणाले की टिड्डी म्हणजे तुमचे आजार, तुमच्या गेलेल्या नोकऱ्या, तुमची मोडलेली लग्नं. जे जे खाल्लं गेलं ते सगळं परमेश्वर याच वर्षी परत करणार. “लौटाएगा,” ते म्हणाले, आणि पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतून माणसं म्हणाली, “लौटाएगा.” आई डोळे मिटून म्हणत होती. मी भांडी घासत होते. बाहेर कडुनिंबाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. बस्सीकडच्या शेतांतली काकडी, टिंडे, गुरांचा चारा, सगळं गेल्याचं दूधवाल्याने सांगितलं होतं. ते शेतकरी नुकसान लिहून घ्यायला पटवारी कधी येतो म्हणून वाट बघत होते. योएलच्या टोळांना खरे पंख होते, खरे जबडे होते. या माणसाने एका वाक्यात ते उडवून लावले आणि तिथे आमचं घर आणून बसवलं.

बसगाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि एका सकाळी सुधीर दारात उभा राहिला. तोंडावर मास्क, हातात एक बॅग. केस मागे हटलेले, पण उभं राहण्याची ढब तीच. मी दार धरून उभी राहिले.

“आईंनी बोलावलंय,” तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं की फोन कितीतरी दिवस चालू होते. आई, पास्टरजी आणि तो. आईने मागून येऊन माझा हात दारावरून काढला. “दाजीला आत येऊ दे,” ती म्हणाली. दाजी. तो शब्द या घरात इतकी वर्षं उच्चारला गेला नव्हता.

तो बाहेरच्या खोलीत राहिला. आईने कुठून तरी कुळथाचं पीठ मिळवून त्याच्यासाठी शेंगोळे केले. मी जेवताना त्याच्याशी बोलत नसे. एकदा त्यानेच विषय काढला.

“निमा, तुझा राग मला समजतो. पण मला देवाने परत पाठवलंय.”

“कुठून?” मी विचारलं.

आई म्हणाली, “जेवताना नको.”

खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा ताईची भीती वाटत होती. ती मऊ पडत होती. सुधीरने कूलरच्या जुन्या ताट्या काढून नवी खस, म्हणजे वाळा, भरली, पंप दुरुस्त केला. संध्याकाळी खसचा ओला वास घरभर पसरला आणि ताई जिन्यातून खाली आली, लांब खुर्चीवर बसली, आणि त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली. तिचं हसणं मी विसरले होते. रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तिने ऐकून घेतलं.

“मला फार थकायला झालंय गं,” ती म्हणाली. “इस्पितळात काय चाललंय ते तुला माहीत नाही. घरी आल्यावर कुणी कूलरमध्ये पाणी भरून ठेवत असेल, तर भरू दे.”

एस्तेर मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “मावशी, मतलब मला आता त्यांना पापा म्हणावं लागेल का?” मी म्हटलं, तुला वाटेल ते म्हण. ती त्यांना काहीच म्हणत नसे. ‘सुनिये’ म्हणायची, अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

पास्टरजींनी ठरवलं की घरातच एक छोटी सभा घ्यायची. मंडळातली मोजकी माणसं बोलवायची, दोघांनी पुन्हा शपथ घ्यायची, नवी अंगठी घालायची, आणि सुधीरने साक्ष द्यायची की देवाने काय काय परत केलं. ताई ‘हो’ म्हणाली नाही, ‘नाही’ही म्हणाली नाही. आईने ते ‘हो’ धरलं आणि पडदे धुवायला काढले.

सभेच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, ताईला फोन आला. ती गच्चीत होती, मी कपडे काढत होते. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ताई फक्त “हां जी” म्हणत होती. मग म्हणाली, “ताप किती आहे?” मग डॉक्टर बोलते तशी बोलली: कोणतं औषध, किती वेळाने, अंग कसं पुसायचं, केव्हा इस्पितळात न्यायचं. फोन ठेवल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली.

“इंदूरहून होता,” ती म्हणाली. “ती होती, त्याची तिथली बायको. त्याच्या जुन्या वहीत हा नंबर सापडला म्हणे. विचारत होती, सुधीर नीट पोचला का. तिला सांगून आलाय की जयपूरला नोकरी बघायला जातोय. मुलाला ताप आहे, तो बापाला हाका मारतोय.”

“मूल आहे?”

“आयुष नाव आहे. सुधीर गेला तेव्हा एस्तेर होती ना, तेवढाच आहे.”

खाली कूलर घरघरत होता. टोळधाड एका शेतातून उठते ती पोट भरलं म्हणून उठत नाही. तिथे खाण्यासारखं राहिलं नाही म्हणून उठते, आणि वारा नेईल तिथे पुन्हा उतरते. हे मी शिकवते. ताईला ते सांगण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी लोक जमले. मास्क लावलेली, अंतर ठेवून बसलेली, तरी खोली भरली. ढोलकी वाजली, गाणी झाली. पास्टरजी योएलवर बोलले आणि म्हणाले की आज हे वचन या घरात पुरं होत आहे. मग त्यांनी सुधीरला उभं केलं. सुधीर म्हणाला की मी वाट चुकलो होतो, प्रभूने मला उचललं आणि माझ्या घरी आणून ठेवलं, माझी गेलेली वर्षं मला परत मिळाली.

माझी गेलेली वर्षं. हे तो म्हणाला आणि बायकांनी डोळे पुसले.

ताई उठली. ती हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून, आणि आवाज जराही चढवला नाही.

“पास्टरजी, त्या अध्यायातले टोळ कुणी पाठवले होते?”

पास्टरजी हसले. “बहन, ती जुन्या काळची गोष्ट आहे.”

“तीच विचारते. ज्याने भरून द्यायचं कबूल केलं, त्याने त्याच वाक्यात सांगितलं की ते सैन्य माझंच होतं, मीच पाठवलं होतं. लपवलं नाही. आणि त्याच्या आधी सांगितलं की कपडे फाडू नका, काळजं फाडा. तुम्ही रोज शेवटचं तेवढं वाचता.” मग ती सुधीरकडे वळली. “तू सांग यांना. काय केलंस?”

“चूक झाली माझी,” सुधीर म्हणाला. “सगळ्यांना माहीत आहे.”

“कोणती चूक?”

“सगळीच.”

“आयुषसुद्धा?”

सुधीर खाली बसला. मंडळातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना नाव माहीत नव्हतं. पास्टरजींना माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही, कोण आयुष म्हणून. तेव्हापासून मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, पाहायची इच्छाही नाही.

“बहन,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “परमेश्वराच्या दृष्टीने ते घर घर नव्हतंच. ते मोजायचं नसतं.”

“तिथे मूल तापाने फणफणलंय,” ताई म्हणाली. “मी त्याला काल औषध सांगितलंय. माझी वर्षं कुणाला भरून द्यायची असतील तर त्याच्या वर्षांतून काढून द्यायची नाहीत. मला ती नकोत.” आणि मग नेहमीच्या घरगुती आवाजात, “स्वयंपाक झालाय. सगळे जेवून जा. हे लग्न मात्र मी पुन्हा लावणार नाही.”

कोणी जेवलं नाही. ढोलकी कापडात गुंडाळून नेली. सुधीर बॅग भरत असताना आई त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून रडत होती, आणि आमच्याकडे तिने पाठ केली होती. जाताना त्याने मला म्हटलं, “हे तू केलंस.” मला तसं केल्याचं समाधान मिळालं असतं, पण ते माझं नव्हतं.

तो इंदूरला परत गेला नाही. पास्टरजींनी त्याला बस्सीत एक खोली आणि औषधांच्या गोदामात काम मिळवून दिलं, आणि तो त्यांच्या मंडळात ढोलकी वाजवायला लागला. तिथे त्याची साक्ष अजून होते. तीत आता एक कठीण काळजाची डॉक्टर बायको असते. पावसाळ्यानंतर एकदा आग्रा रस्त्याने जाताना मी आणि ताईने कानोत्याजवळ गाडी थांबवली होती. टोळांनी ओरबाडलेली खेजडीची झाडं पुन्हा हिरवी झाली होती. मी काहीतरी चांगलं म्हणायला तोंड उघडलं, तर ताई म्हणाली, “झाडांचं सोपं असतं.” आणि गाडी सुरू केली.

आईचा राग जास्त टिकला. कितीतरी दिवस ती ताईने वाढलेलं घ्यायची नाही, उठून स्वतः घ्यायची. मंडळ तिने सोडलं नाही. दर रविवारी त्यांची ऑटो खाली येऊन हॉर्न देई, आई पांढरी साडी नेसून निघे. जिथे तो ढोलकी वाजवतो तिथे माझी आई टाळ्या वाजवते, हे गिळणं मला कधीच जमलं नाही. मी तिला तोंडावर बोलले आहे, वाईट बोलले आहे. ताईने एकदाही अडवलं नाही. एकदा आईनेच तिला विचारलं, “तुला त्याला माफ करताच येणार नाही का?” ताई एस्तेरच्या कॉलेजच्या पिशवीची तुटलेली चेन बघत होती. “माफ केलंय, आई,” ती म्हणाली. “परत घेतलं नाही, एवढंच.” आईला हा फरक पटला नाही. ती उठून गेली.

यंदाच्या जेठातला एक रविवार. आई सभेहून आली, पंख्याखाली बसली आणि ताईला म्हणाली, “आज सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. तुझं मन मऊ व्हावं म्हणून.” मी काहीतरी लागट बोलणार होते. ताईने मला डोळ्याने गप्प केलं.

“चांगलं केलं,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी माझ्याकडून एक विनंती सांगशील? आयुषचं नाव घ्या म्हणावं. तो आता शाळेत जातो. बरा असतो, पण छातीत कफ फार होतो त्याला. त्याच्यासाठी प्रार्थना करा.”

आईला ठाऊक नव्हतं की ताई इंदूरला अजून फोन करते. मलाही पूर्ण ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी ऑटो आली, आई गेली. भर उन्हात, नेहमीच्या वेळेच्या बरीच आधी, ती परत आली. ती दुसऱ्याच ऑटोने एकटी आली होती; कानोत्याच्या रस्त्यावर स्वतः हात करून थांबवलेली. तिने चपला काढल्या आणि तशीच भिंतीला टेकून बसली. ताईने पाणी आणून दिलं. आईने ते ताईच्या हातून घेतलं, सगळं प्यायली, आणि पेला मांडीवर धरून ठेवला.

“मी नाव घेतलं,” ती म्हणाली. “उभी राहून घेतलं, मोठ्याने. आयुष. पास्टरजी म्हणाले, माताजी, बसा, पुढचं गाणं घ्या.”

“मग?” मी विचारलं.

“मग सुधीरनं ढोलकी वाजवली.”